अजब बंगल्यात संशोधक म्हणून पहिल्यांदा जाताना

“ताई, नागपूरचं म्युझियम एका दिवसात होते का?” काटोलच्या एका एम.ए.च्या मुलीने मागच्या महिन्यात विचारलं. पेट परीक्षा झाली होती, सिनॉप्सिस लिहायचं होतं आणि गाइडने सांगितलं होतं, “आधी एकदा अजब बंगला पाहून ये.”

पाहून होते. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी तो तासाभरात पाहिलेलाच आहे. पेंढा भरलेला वाघ, तलवारी, मूर्ती, आणि मग बागेत डबे. पण पाहणं वेगळं आणि तिथून संशोधनाला उपयोगी पडेल असं काही घेऊन येणं वेगळं. माझ्या पहिल्या चार फेऱ्या जवळजवळ वाया गेल्या. त्या का वाया गेल्या हे सांगितलं तर तुमच्या दोन तरी वाचतील, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात संग्रहालयापासून नको, राजधानीपासून करू. नागपूर आज उपराजधानी आहे, डिसेंबरात अधिवेशन भरतं, एवढंच आपल्या पिढीला माहीत. पण १८६१ मध्ये ब्रिटिशांनी ‘मध्य प्रांत’ हा नवा प्रांत केला तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती. त्यात जबलपूर होतं, सागर होतं, रायपूर-बिलासपूर होतं. १९०३ मध्ये वऱ्हाड प्रशासनासाठी जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये याच प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, तेव्हाही राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरचं राजधानीपद संपलं. म्हणजे जवळपास ९५ वर्षं हे शहर एका भल्यामोठ्या प्रदेशाची राजधानी होतं, आणि तो प्रदेश आज तीन राज्यांत वाटला गेला आहे.

सेंट्रल म्युझियम उर्फ अजब बंगला स्थापन झाला १८६३ मध्ये, प्रांत तयार झाल्यावर दोनच वर्षांनी. तेव्हाचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्या पुढाकाराने. प्रांतात कुठेही काही सापडलं की ते राजधानीच्या संग्रहालयात पाठवायचं, हा सरळ हिशेब. प्रांत तुटला, पण दगड काही चालत परत गेले नाहीत. त्यामुळे नागपूरच्या संग्रहालयात ठेवलेली वस्तू नागपूरची असेलच असं नाही. ती विदर्भाची असेल असंही नाही. ऐकायला हे अगदी साधं वाटतं. माझा एक नकाशा याच साध्या गोष्टीवर पडला.

झालं असं. अकराव्या-बाराव्या शतकात माळव्याच्या परमारांचा विदर्भाशी काय संबंध होता, यावर मी एक उपप्रकरण लिहीत होते. अभ्यासकांच्या लेखनात ‘नागपूर प्रशस्ती’ म्हणून एक मोठा संस्कृत शिलालेख सारखा भेटतो. परमार राजा नरवर्मा याच्या काळातला, विक्रम संवत् ११६१ चा, म्हणजे इ.स. ११०४-०५. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या माणसाने एकोणिसाव्या शतकात त्यावर काम केलं, पुढे कीलहॉर्नने ‘एपिग्राफिया इंडिका’त त्याचं संपादन केलं. नावातच नागपूर. मी नकाशावर नागपूरला लाल टिंब दिलं आणि खाली लिहिलं, ‘परमार सत्तेची नागपूर परिसरातील उपस्थिती’. दोन पानं त्यावर रंगवली.

गाइडनी पेन्सिलने टिंबाभोवती वर्तुळ काढलं आणि एवढंच विचारलं, “दगड सापडला कुठे?”

मी म्हटलं, नागपूरला. ते म्हणाले, “ठेवलाय नागपूरला. सापडला कुठे?”

कीलहॉर्नच्या लेखाचं शीर्षकच पाहा: नागपूर संग्रहालयातला, माळव्याच्या राजांचा शिलालेख. ‘नागपूर’ हा शब्द दगडाचा सध्याचा पत्ता सांगतो. मी तो जन्मगाव म्हणून वाचला होता. एवढा जड दगड कोणी कशाला हलवेल असं माझ्या मनात होतं. पण त्याच संग्रहातले बाकीचे शिलालेख पाहिले की ही समजूत लगेच सुटते. बिल्हरीचा शिलालेख घ्या. तो कलचुरी राजा दुसऱ्या युवराजदेवाच्या काळचा, आणि बिल्हरी हे आजच्या मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यात. रतनपूरचा जाजल्लदेवाचा शिलालेख घ्या. कलचुरी संवत् ८६६, म्हणजे इ.स. १११४, आणि रतनपूर छत्तीसगडात बिलासपूरजवळ. हे दोन्ही दगड नागपूरच्या संग्रहालयात असल्याच्या नोंदी छापील ग्रंथांत आहेत. या दोघांना मी कधी नागपूरचे म्हटलं नसतं, कारण त्यांच्या नावात त्यांची गावं आहेत. परमार लेखाच्या नावात गाव नव्हतं, म्हणून मी फसले.

मग उपप्रकरणाचं काय झालं? दोन पानं गेली. पण मुद्दा पूर्ण बुडाला नाही, कारण परमारांचा विदर्भाशी संबंध दाखवणारा दुसरा लेख आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, जगद्देवाच्या काळचा, शक १०३४ म्हणजे इ.स. १११२. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो संपादित केला. त्याचं गाव ठाऊक आहे, त्यामुळे टिंब डोंगरगावला गेलं. नागपूर प्रशस्ती माझ्या प्रबंधात अजून आहे, पण मजकुरासाठी. स्थळाचा पुरावा म्हणून नाही. एका दगडातून निघणारे हे दोन वेगळे पुरावे आहेत, त्यावर काय लिहिलंय आणि तो कुठे होता. पहिला दगडासोबतच राहतो. दुसरा कोणी लिहून ठेवला तरच टिकतो.

तो लिहून ठेवलेला असतो नोंदवहीत. संग्रहालयात वस्तू आत आली की तिला एक क्रमांक मिळतो, त्याला सगळे ॲक्सेशन नंबरच म्हणतात. रजिस्टरमध्ये त्या क्रमांकापुढे साधारणपणे वस्तूचं वर्णन, मापं, ती कधी आली, कोणाकडून आली, कशी आली (देणगी, खरेदी, उत्खनन की सरकारजमा) आणि कुठे सापडली हे लिहितात. दालनातली पाटी म्हणजे या नोंदीचा, जनतेसाठी केलेला, दोन ओळींचा सारांश. पाटी बदलते, नवीन रंगवतात, काच बदलताना इकडची तिकडे होते. पुरावा म्हणून पाटीचा हवाला देऊ नका. हवाला क्रमांकाचा द्यायचा.

माझ्या पहिल्या चार फेऱ्या वाया गेल्या त्या इथे. परवानगी घेऊन शेकडो फोटो काढले, सुंदर फोटो, आणि एकातही क्रमांक नाही. वस्तूवर तो बहुतेक वेळा मागे किंवा तळाला बारीक रंगात असतो. मी समोरून फोटो काढत राहिले. घरी आल्यावर दोन सारख्या दिसणाऱ्या लोखंडी कुऱ्हाडींपैकी कोणती कोणत्या गावची हे मलाच सांगता येईना. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच.

‘सरकारजमा’ या शब्दावर थोडं थांबते, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्यांना इथे खजिना आहे, अक्षरशः. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. त्यामुळे शेतात नांगराला लागलेला नाण्यांचा हंडा संग्रहालयापर्यंत येण्याआधी कागदांवरून जातो: गावातून तहसील, तहसिलीतून कलेक्टर कचेरी, मग पुढे. वस्तू संग्रहालयात, पण ती सापडल्याची हकिगत महसुली दप्तरात. शेताचा नंबर, सापडणाऱ्याचं नाव, हंडा कसला होता, हे सगळं तिकडे असू शकतं. म्हणून नाण्यांवर काम करणाऱ्याने नुसत्या दालनात बसून भागत नाही. पुराभिलेखागारातही जावं लागतं. आणि १९५६ मुळे जुन्या प्रांताचं काही दप्तर नागपुरात, काही भोपाळला. प्रवासखर्चाचा रकाना भरताना हे ध्यानात ठेवा.

कायद्याच्या आधीचं एक प्रकरण तर फारच बोलकं आहे. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाच्या गावी गुरं राखणाऱ्या पोरांना तांब्याचा साठा सापडला. ४२४ तांब्याची हत्यारं-अवजारं आणि १०२ पातळ चांदीचे पत्रे, त्यातले काही बैलाच्या तोंडासारखे. भारतात एका जागी सापडलेल्या तांब्याच्या साठ्यांतला हा सगळ्यात मोठ्यांपैकी एक. आज तो एका जागी नाही. काही नग नागपुरात, काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. तुम्ही नागपुरातल्या चार कुऱ्हाडी पाहून ‘गुंगेरियाच्या कुऱ्हाडी अशा असतात’ असं लिहिलंत, तर ते ४२४ पैकी चारबद्दल झालं, आणि ते चार कोणी, कशासाठी निवडून इथे ठेवले हा प्रश्न राहिलाच. वाटणी करताना चांगले, अख्खे, वेगळे दिसणारे नग कुठे गेले असतील, हा विचार प्रत्येक विभागलेल्या संचाबद्दल करायचा.

आपल्या काटोलचंही असंच आहे. २२ मे २०१२ ला काटोल परिसरात अशनी पडली, आठवत असेल. आज जगभरच्या भूविज्ञानाच्या लेखांत ‘काटोल’ हे नाव आहे, ते संत्र्यांमुळे नाही. त्या दगडात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात ते भरपूर आहे, पण तिथवर आपण पोचू शकत नाही, म्हणून नैसर्गिक नमुना मिळणं दुर्मीळ. गावाचं नाव असलेला दगड गावात नाही, प्रयोगशाळांमध्ये आहे. पण तो कुठे पडला हे त्या वेळी नोंदवलं गेलं, म्हणून ‘काटोल’ नावाला अर्थ आहे. नागपूर प्रशस्तीच्या उलट.

आता जायचं कसं, म्हणजे डोक्याने.

काटोलहून एसटीने निघालात की कळमेश्वर मागे पडल्यावर, फेटरीच्या आसपास, मोबाइल खिशात ठेवा. या रस्त्याच्या आजूबाजूला माहुरझरी आणि जुनापाणी आहेत. दोन्ही लोहयुगातल्या शिळावर्तुळांची ठिकाणं. मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले, मध्ये दफन. जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नॅकने त्यातली काही खोदली, स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी. माहुरझरीचं उत्खनन शां. भा. देव यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला केलं, आणि तिथे माणसासोबत घोडाही पुरलेला मिळाला, तांब्याच्या अलंकारांनी सजवलेला. शक्य असेल तर संग्रहालयाआधी जुनापाणीला उतरा. काचेच्या पेटीतली गंजलेली कुऱ्हाड पाहण्याआधी ती कुठल्या मातीतून आली, दगड किती मोठे, दोन वर्तुळांत अंतर किती, हे पायाखाली घातलं की पेटीतली वस्तू वेगळी दिसते. मी उलट क्रमाने गेले होते. वर्तुळं माझ्या गावच्या रस्त्यावर, आणि मी ती पहिल्यांदा पाहिली पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी. लाज वाटली.

या दोन उत्खननांमध्ये शंभर वर्षांचं अंतर आहे, आणि नोंदींच्या दर्जातही तेवढाच फरक. १८६७ चा खोदणारा ‘काय मिळालं’ हे लिहितो. १९७०चा खोदणारा कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी मिळालं तेही लिहितो. दालनात या दोन काळांतल्या वस्तू शेजारी-शेजारी ठेवल्या तर सारख्याच गंजलेल्या दिसतात. प्रबंधात त्यांचं वजन सारखं धरू नका.

निघण्याआधी घरी बसून करायचं एक काम आहे, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेच. रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या शिलालेखांची वर्णनात्मक यादी, १९१६ ची, सुधारलेली आवृत्ती १९३२ ची. जिल्हावार आहे. जुन्या जिल्ह्यांप्रमाणे, म्हणजे चंद्रपूर शोधायचं तर ‘चांदा’खाली पाहा. मिराशींचे कलचुरी-चेदी लेखांचे खंड १९५५ चे, वाकाटकांचा १९६३ चा. विदर्भ संशोधन मंडळाची वार्षिकं विद्यापीठाच्या ग्रंथालयात चाळा. या तिन्हींतून तुमच्या विषयाच्या वस्तूंची एक यादी करा, आणि ती यादी घेऊन आत जा. यादीशिवाय गेलात तर तुम्ही पुन्हा सहलीला गेलात.

गाइडच्या सहीचं पत्र लेटरहेडवर, अभिरक्षकांच्या नावे. पत्रात ‘संशोधनासाठी संग्रह पाहू द्यावा’ असं मोघम लिहू नका. कोणत्या वस्तू, नोंदवहीतल्या कोणत्या नोंदी, फोटो हवेत की नकोत, किती दिवस, असं लिहा. नेमकं मागितलं की उत्तर नेमकं मिळतं, आणि नाही म्हणायचं असेल तर तेही लवकर कळतं. तिथे काम करणाऱ्या जुन्या लोकांशी आदराने बोला. कोणती मूर्ती आधी कोणत्या दालनात होती, हे कुठेच छापलेलं नसतं, त्यांना माहीत असतं. फक्त ते ऐकलं तर वहीत ‘ऐकीव’ असं लिहून तारीख घाला.

आत पहिला एक तास फोटो काढू नका. हे माझं वैयक्तिक मत आहे, मैत्रिणींना पटत नाही. पण फोन हातात असला की डोळे काम सोडतात. पेन्सिलने, हो पेन्सिलनेच, वाकडंतिकडं चित्र काढा. कुऱ्हाडीचं चित्र काढायला घेतलं तेव्हा मला कळलं की तिच्यावर आडव्या पट्ट्या आहेत आणि त्या दांड्याला बांधण्यासाठी आहेत. फोटोत ते मी दहा वेळा पाहून सोडलं होतं. मग फोटो काढा, परवानगी असेल तर. शेजारी मोजपट्टी आणि चिठ्ठीवर क्रमांक. वस्तूचा एक, क्रमांकाचा एक, पाटीचा एक, आणि पेटी पूर्ण दिसेल असा एक. शेवटचा फोटो निरुपयोगी वाटतो. पण वस्तू कशाच्या शेजारी ठेवली आहे हेही संग्रहालयाचं एक विधान असतं.

नैसर्गिक इतिहासाचं दालन इतिहासवाले ओलांडून जातात. तिथेही हाच नियम: स्थळ आणि तारीख असलेला पक्षी हा पुरावा, नसलेला पक्षी शोभेचा. आणि नागपूरच्या बाबतीत भूविज्ञान, मानवशास्त्र आणि पुरातत्त्व एकाच माणसापाशी येऊन मिळतात, तो म्हणजे स्टीफन हिस्लॉप. हिस्लॉप कॉलेजवाला. मिशनरी, पण जीवाश्म गोळा करायचा, नागपूरच्या भूविज्ञानावर हंटरसोबत १८५५ मध्ये लेख लिहिला, आणि गोंडांच्या लिंगोची गाथा एका परधानाकडून उतरवून घेतली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना पुराच्या नाल्यात तो वाहून गेला. त्याचे कागद टेम्पलने संपादित करून १८६६ मध्ये छापले. मानवशास्त्राचे विद्यार्थी ती गाथा आजही वापरतात. वापरा, पण ती परधानाच्या तोंडून हिस्लॉपच्या वहीत आणि तिथून टेम्पलच्या छपाईत, अशी तीन हातांतून आली आहे, हे तळटीपेत येऊ द्या.

सिव्हिल लाइन्समध्ये आलातच तर झिरो माइलपर्यंत चालत जा. घोडे आणि खांब यांच्यासमोर सेल्फी काढायला हरकत नाही. पण ‘भारताचा मध्यबिंदू’ असं प्रबंधात लिहिण्याआधी तिथला जीटीएसचा दगड वाचा. १९०७ साल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. ती सर्वेक्षणाची उंची मोजण्याची खूण आहे. १९०७ च्या ब्रिटिश हिंदुस्थानात तर ब्रह्मदेशही होता. मग मध्य कुठल्या भारताचा? हा प्रश्न मी दरवर्षी नवीन विद्यार्थ्यांना देते. रेल्वेवर काम करणाऱ्यांनी मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम सोडू नये, २००२ पासून आहे. बाकीच्यांनी वेळ उरला तर.

व्यवहाराचं: सोमवारी संग्रहालय बंद असतं, तरी निघण्याआधी फोन करा, दालनं दुरुस्तीसाठीही बंद असतात. डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत जाऊ नका. विधानभवनाकडचे रस्ते मोर्च्यांमुळे अडवलेले असतात आणि काटोल नाक्यावरून ऑटोवाला तिकडे यायला तयार होत नाही. सकाळची पहिली गाडी धरा, डबा आणा. आणि परतीच्या एसटीत झोपायच्या आधी वही उघडून प्रत्येक चित्रापुढे क्रमांक आहे ना, ते पाहा. फेटरी यायच्या आत एखादा राहिलेला आढळला, तर दुसऱ्या दिवशी परत जाणं परवडतं. मला तो एकदा अकरा महिन्यांनी आढळला होता.